धुतलं कुठं

चावी माझ्याकडं असते.
पाटी लागली तेव्हापासून महिन्याला बाराशे,
तेही दिवाळीपासून आले नाहीत.
'संरक्षित वास्तू. भिंतींवर लिहू नये. सन १९०९.'
त्याच्याखाली कोणीतरी खिळ्यानं कोरलंय: पायल.

या जी. चपला राहू द्या पायात,
फरशी थंड आहे, पण विंचू निघतात.

ही तराजूची खोली.
काचेच्या पेटीत तराजू होता म्हणतात,
श्वास लागला तरी हलायचा,
म्हणून साहेब खिडक्या लावून बसायचा
मे महिन्यात, कवडझरीत!
छताला पंखा होता, पंख्याला दोरी होती,
दोरीला सुकरू होता, पगारी,
ओढायची मनाई होती.

गावात तेव्हा बावीस घरं.
दुसऱ्या होळीपर्यंत चारशे राहुट्या,
कामठीहून दारूवाला, जबलपूरहून फोटोवाला,
फावडी, घमेली, खेचरं,
आणि एक माणूस नुसते नकाशे विकायचा.
नाल्याला त्यांनी नाव ठेवलं.
आम्ही नालाच म्हणत होतो, अजून म्हणतो.

हे सगळं झेलूमुळं.
झेलू सोनवाने, जात सोनझारी,
माझ्या आज्याची आत्या.
बाजारात तिच्या पदराच्या गाठीत
मोहरीएवढा कण होता, विकायला काढलेला,
तो एका गोऱ्याच्या नजरेला पडला.
दुभाष्यानं विचारलं, बाई, हे धुतलं कुठं?
तिनं हात केला: 'त्या नाल्यात जी.'

खरंच सांगितलं तिनं.
धुतलं नाल्यातच होतं.
आणलं होतं तुमसरच्या सोनारआळीतून,
दुकानांपुढची झाडलोट, मोरीतला गाळ,
वर्षाला सव्वा रुपया मक्ता देऊन,
टोपलं डोक्यावर, नऊ कोस पायी,
कारण सोनार आपल्या विहिरीवर
तिला काठवट टेकू देत नव्हते.
पण आणलं कुठून,
हे कोणी विचारलंच नाही.

मग बंगला उठला. सागाचे वासे,
आगगाडीनं आलेली कौलं, प्रत्येकावर हत्तीचा छाप.
हे धुराडं बघा, शेकोटीचं.
एकदाही पेटलं नाही म्हणतात, आता वटवाघळं आहेत.
झेलू इथंच चुना मळायला होती, दोन आणे रोज.
तिला कळत होतं का?
आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत.
माझी माय म्हणे, ती रात्री गोधडीत तोंड घालून हसायची.
काका म्हणे, कसली हसते, भ्याली होती,
खरं सांगितलं असतं तर चाबूक बसला असता.
मला वाटतं, विचारलं तेवढं सांगून
ती कामाला लागली.

तीन उन्हाळे तराजू हलला नाही.
राहुट्या गेल्या, आधी बँडवाले, शेवटी दारूवाला.
साहेबाला हिवतापानं नेलं की बोटीनं, नीट ठाऊक नाही.
पुढं इथं कुनैन वाटायचे,
मग रेशनचं रॉकेल,
मग मतदान.
मी या खोलीत पाढे शिकलो,
छतातला पंख्याचा आकडा मोजत. एकच होता.

पाटी लावायच्या आधी मुंबईहून बाई आल्या,
कागदावर 'इतिहास' म्हणून तीन ओळींची जागा.
त्यांनी विचारलं, बांधला कोणी?
मी म्हटलं, कंपनीनं.
त्यांनी लिहून घेतलं. चहा घेतला नाही.

सांभाळून, ही फरशी हलते.
फटींत अजून बारीक काळी रेती निघते,
साहेबानं तपासून टाकलेली असेल,
की कोणाच्या पायाची, कोण जाणे.
रोज झाडतो मी.
ते दारामागचं पोतं? राहू द्या, जड आहे.
ती झाडलोट.
पाऊस सरला की नाल्याला स्वच्छ पाणी असतं,
काठवट आहे घरी, थोडी चिरलेली.

चला, कुलूप लावतो.
वहीत नाव लिहा जी,
आणि पुढच्या रकान्यात,
आलात कुठून.